लॉनवरचे पिवळे गोल, आणि बाविस्टीन तीनदा मारूनही ते का जात नाहीत

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं आहे: पुण्यात बावधनला बंगला, पुढे आणि बाजूला मिळून साधारण १२०० स्क्वेअर फूट लॉन, पुढे सिलेक्शन वन जातीची हरळी, बाजूच्या पट्ट्यात मेक्सिकन गवत, तिथे पाणी साचतं. जुलैपासून गोल गोल पिवळे-तपकिरी पॅच पडायला लागलेत. माळ्याने पाऊस सुरू झाल्यावर ५ किलो युरिया फेकला, मग पॅच दिसले म्हणून बाविस्टीन हे बुरशीनाशक मारलं, तीनदा मारून झालं, फरक शून्य. स्प्रिंकलरचा टायमर रात्री ९ ला लावलेला आहे, मधूनमधून छत्र्या उगवतात, घरात लॅब्रॅडॉर आहे, आणि लॉनवाला म्हणतोय सगळं उपटून नवीन टाकू.

आधी शेवटचं सांगतो. उपटू नका, निदान दिवाळीपर्यंत तरी नको. जमीन तीच, टायमर तोच, माळी तोच, मग नवीन लॉनलासुद्धा पुढच्या श्रावणात हेच होणार आणि तेव्हाही लॉनवाला येऊन हेच म्हणणार, त्याचं काय जातंय.

आता मूळ मुद्दा. बुरशी कुठून बाहेरून येते आणि औषध मारलं की मरून जाते असं लोकांना वाटतं. तसं नाहीये ते. रायझोक्टोनिया, पिथियम, हे सगळे प्रकार तुमच्या मातीत आणि गवताखालच्या वाळक्या थरात बाराही महिने पडलेले असतात, माझ्याही लॉनमध्ये आहेत, शेजाऱ्यांच्याही. ते उठतात कधी, तर पात सलग दहा-बारा तास ओलं राहिलं आणि रात्रीचं तापमान विशीच्या वर असलं की. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये रात्री साधारण २२ च्या आसपास असतं, दिवसभर ढग, वारा पडलेला, भुरभुर चालू. म्हणजे हवामानाने बुरशीचं काम आधीच करून ठेवलंय. त्यात तुमचा टायमर रात्री ९ ला पाणी सोडतो. ९ ला भिजलेलं पात सकाळी ९ पर्यंत काही वाळत नाही, झाले की बारा तास. रोज. हेच पाणी पहाटे ५ ला दिलं असतं तर पात तसंही दवाने ओलंच होतं, उन्हं आली की वाळलं असतं, ओल्या तासांत काही भर पडली नसती. पाणी तेवढंच, फक्त वेळ बदलली. लॉनच्या बुरशीत मोठा भाग हा एवढाच असतो आणि याला एक रुपया लागत नाही.

आणि मुळात पावसाळ्यात टायमर चालू का आहे? बावधन-भूगाव साइडला हडपसरपेक्षा पाऊस बराच जास्त पडतो, तिथे जून मध्यापासून सप्टेंबरपर्यंत स्प्रिंकलर बंदच पाहिजे, आठ-दहा दिवस सलग उघडीप मिळाली आणि पात दुमडायला लागलं तरच एखादं पाणी. मी बघतो ना, बाहेर पाऊस पडतोय आणि आत स्प्रिंकलर गरगरतायत, विचारलं तर म्हणतात ऑटोमॅटिक आहे. गुरुवारी कॉर्पोरेशनचं पाणी बंद म्हणून कुरकुर करणारी हीच मंडळी.

बरं, आता तुमच्याकडे नक्की कुठला रोग आहे ते ओळखायला पाहिजे, कारण सगळ्या बुरशींवर एक औषध चालत नाही आणि तुमचे पैसे तिथेच गेलेत. यासाठी लॅब लागत नाही. सकाळी साडेसहाला, ऊन यायच्या आधी, मोबाईलचा टॉर्च घेऊन पॅचच्या कडेला खाली बसा. मध्यभागी बघू नका, तिथलं गवत मेलेलं असतं आणि मेलेल्यावरून काही कळत नाही. जिथे हिरवं संपून पिवळं सुरू होतं ती बोटभर रुंदीची कड बघायची, रोग तिथे जिवंत असतो. कडेवर पातींच्या मध्ये कापसासारखं पांढरं जाळं दिसतंय का ते बघा. कोळ्याचं जाळंही दवाने असंच चमकतं पण ते एका पातळीत ताणलेलं, सपाट असतं. बुरशीचं जाळं पातींच्या आत खालपर्यंत फुगलेलं असतं आणि ऊन लागलं की अर्ध्या तासात नाहीसं होतं, म्हणून तर माळ्याला ते कधी दिसत नाही, तो येतो दहाला.

मग त्याच कडेचं एक पात चिमटीत धरून हलकेच वर ओढा. पात खालून सटकन निघून हातात आलं आणि बुडाशी, म्हणजे जिथे पात काडीला गुंडाळलेलं असतं तिथे, तपकिरी-काळं कुजलेलं दिसलं तर रायझोक्टोनिया. याचे पॅच मोठे होतात, वीतभरापासून दोन-तीन फुटांपर्यंत, बऱ्यापैकी गोल, कधीकधी कडेला काळपट-करडी रिंग दिसते. मेक्सिकनमध्ये कडेचं गवत नारिंगीसर दिसतं. मुळशी-मावळात भाताला पर्णकोष करपा येतो ना, तो याच बुरशीचा, तिला भात काय आणि लॉन काय, दोन्ही गवतच.

डाग लहान असतील, रुपयाच्या नाण्यापासून तळहाताएवढे, वाळक्या गवताच्या रंगाचे, आणि पातीवर मध्येच फिकट पट्टा, त्याला दोन्ही बाजूंनी लालसर-तपकिरी काठ, तर तो डॉलर स्पॉट. हा भर पावसात कमी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवसा ऊन आणि पहाटे दव सुरू झालं की जास्त येतो, आणि उपाशी गवतावर येतो, नत्र कमी पडलेलं असतं तिथे.

पॅच गोल नसून पाण्याच्या वाटेने ओघळासारखे लांबट गेलेत, गवत काळपट, तेलकट, हाताला बुळबुळीत लागतंय, सकाळी त्यावर पांढरा कापूस, तर पिथियम. हे सगळ्यात वाईट. दोन-तीन दिवसांत चांगला मोठा तुकडा खातं. खोलगट भाग, गटाराजवळची कड, गाडी धुतल्याचं पाणी जिथे साचतं तिथे हे हमखास.

पातींवर बारीक बारीक जांभळट-तपकिरी ठिपके, पॅचला धड आकार नाही, लॉन नुसतं विरळ होत चाललंय, तर पानांवरचे ठिपके, बायपोलॅरिस-कर्व्ह्युलेरिया वगैरे मंडळी. हरळीवर, म्हणजे तुमच्या सिलेक्शन वनवर, हे पावसाळ्यात बऱ्यापैकी असतं आणि लोकांच्या लक्षातच येत नाही. पांढरे बूट घालून चाललात आणि बुटाला नारिंगी पावडर लागली तर तांबेरा, त्याला घाबरायचं कारण नाही, थोडं खत आणि एक कटिंग, बहुतेक वेळा तेवढ्यात जातो.

तरी शंका वाटली तर पॅचच्या कडेचा मुठीएवढा तुकडा मातीसकट काढा, ओल्या पेपरात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर घरात ठेवा. सकाळी भरपूर पांढरी वाढ दिसली तर बुरशी जिवंत आहे. काहीच नाही आलं तर बहुतेक वेगळंच कारण आहे. त्यापुढेही अडलं तर तोच तुकडा घेऊन शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभागात जाऊन विचारा, लोक तिथे शेतकऱ्यांनीच जायचं असतं असं समजतात.

वेगळी कारणं म्हणजे, एक तर तुमचा लॅब्रॅडॉर. कुत्र्याच्या लघवीचा डाग मध्ये जळलेला आणि भोवती गर्द हिरवी, उंच वाढलेली रिंग असा असतो, कारण कडेला तेच नत्र पातळ होऊन खत म्हणून लागतं. वर सांगितलेल्या रोगांच्या पॅचला अशी रिंग नसते. दुसरं हुमणी. पॅचवरचं गवत दोन्ही हातांनी धरून उचला, सतरंजीसारखं सुटून वर आलं आणि खाली इंग्रजी सी च्या आकाराच्या पांढऱ्या जाड अळ्या वळवळताना दिसल्या तर मुळंच खाल्ली गेलीत, तिथे बुरशीनाशक ओतून काय होणार. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी दिव्यावर भुंगेरे येतात, त्यांचीच ही पिल्लं, आणि न कुजलेलं कच्चं शेणखत टाकलं असेल तर त्यांना आमंत्रणच. तिसरं, कटिंग मशीनमधून पेट्रोल सांडलेलं. एकदा जिथे मशीन भरलं तिथेच नेहमी भरतात, डागही तिथेच पडतो, आणि मग बुरशी बुरशी करतात.

छत्र्या उगवतात त्या वेगळ्या. बिल्डरने लॉनखाली राडारोडा आणि शटरिंगच्या फळ्यांचे तुकडे गाडलेले असतात, ते कुजायला लागले की वर छत्र्या. त्याने गवताला सहसा काही होत नाही. सकाळी हातमोजे घालून उपटून टाका, कुत्र्याने किंवा लहान मुलांनी तोंडात घालू नयेत म्हणून, बाकी काही नाही. छत्र्यांची गोल रिंग तयार होत असेल आणि रिंगमधलं गवत वाळत असेल तर मात्र तिथे खणून लाकूड काढावं लागतं. पातींवर राखाडी-काळे मण्यांसारखे दाणे दिसले तर ती स्लाइम मोल्ड, पाइपाच्या जोरदार पाण्याने किंवा झाडूने निघते.

आता बाविस्टीनचं. तुम्ही लिहिलंय त्यावरून, वीतभर ते दोन फूट, गोल, मला पुढच्या भागात रायझोक्टोनिया वाटतोय आणि बरोबर पानांवरचे ठिपकेही असावेत, बाजूच्या पट्ट्यात पाणी साचतंय म्हणताय तिथे पिथियम असू शकतं. बाविस्टीन म्हणजे कार्बेन्डाझिम. पिथियम ही खरं तर बुरशीच नाही, दिसायला बुरशीसारखी पण वेगळ्या गटातली, तिच्यावर कार्बेन्डाझिम अजिबात चालत नाही, पाणी मारल्यासारखंच. बायपोलॅरिसवरही चालत नाही, उलट कधीकधी वाढतं, कारण जी बुरशी तिच्याशी स्पर्धा करत असते ती मरते आणि हिला मोकळं रान मिळतं. डॉलर स्पॉटमध्ये याच गटाच्या औषधांना दाद न देणाऱ्या जाती तयार झाल्यात. राहिला रायझोक्टोनिया, त्याच्यावर ते थोडंफार चालतं, पण भर पावसात मारलं असेल आणि टायमर रात्रीचाच चालू असेल तर काय उपयोग. आपल्याकडे काय झालंय, दुकानात गेलं आणि बुरशी म्हटलं की हातात बाविस्टीनची पुडी, गुलाबाला तेच, डाळिंबाला तेच, लॉनलाही तेच.

मग काय मारायचं. रायझोक्टोनियासाठी अॅझोक्सीस्ट्रोबिन २३ टक्के, लिटरला १ मिली, किंवा हेक्साकोनाझोल ५ टक्के, लिटरला २ मिली. भाताच्या पर्णकोष करप्याला शेतकरी हेच वापरतात, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. मार्केट यार्डाच्या बाजूला गेलात तर लहान पॅकिंगही मिळेल, बागेसाठी अर्धा लिटरची बाटली घेऊन करायचंय काय. पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी करायची ती दुसऱ्या औषधाची, तेच परत नाही. म्हणजे पहिल्यांदा अॅझोक्सीस्ट्रोबिन तर दुसऱ्यांदा हेक्साकोनाझोल. एकाच गटाचं सारखं मारलं की बुरशी त्याला सरावते. पानांवरच्या ठिपक्यांना मॅन्कोझेब, म्हणजे एम ४५, लिटरला अडीच ग्रॅम, स्वस्त आणि मस्त, पण ते पातीच्या वर नुसतं चिकटून बसतं, आत जात नाही, तासाभरात सर आली तर धुऊन गेलं. पिथियमसाठी मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं, रिडोमिल गोल्ड वगैरे, लिटरला दोन-अडीच ग्रॅम, फक्त त्या ओल्या पट्ट्यात. सगळ्या लॉनवर नको. डॉलर स्पॉट आणि तांबेऱ्याला प्रोपिकोनाझोल २५ टक्के, लिटरला १ मिली, पण एप्रिल-मेच्या कडक उन्हात हरळीवर ते सारखं सारखं मारू नका, वाढ खुंटते. कॉपर ऑक्सिक्लोराइड लोक सुचवतात, लॉनवर मी वापरत नाही, बारीक पातीचं गवत कॉपरने करपतं आणि मग ते औषधाने गेलं का रोगाने हेच कळत नाही. या औषधांची लेबलं पिकांसाठी असतात, बहुतेकांवर लॉनचं नावही नसतं, त्यामुळे लेबलवर जे प्रमाण लिहिलंय त्याच्या वर जाऊ नका, थोडं जास्त टाकू म्हणजे पटकन जाईल असला प्रकार नको.

फवारणी कशी करतात याच्यावरही बरंच आहे. पाठीवरचा १६ लिटरचा पंप, एक पंप हजार-बाराशे स्क्वेअर फुटाला पुरला पाहिजे. माळी अर्ध्या पंपात भागवतो आणि नुसतं वरवर भुरभुरतो. ठिपक्यांसाठी ते एक वेळ चालेल पण रायझोक्टोनिया बुडाशी बसलाय, तिथपर्यंत औषध ओघळून गेलं पाहिजे, म्हणून आधी कटिंग, वाळका कचरा दातेरी पंजाने ओढून बाहेर काढा, मग फवारणी. नंतर दोन-तीन दिवस कटिंग नको. पॅचवरच मारून थांबू नका, पॅचच्या बाहेर दोन-तीन फूट हिरवं दिसतंय तिथेही मारा, रोग तिथे आधीच पोचलेला असतो. पावडर असेल तर आधी मगभर पाण्यात कालवून मग पंपात, नाहीतर नोझल तुंबतं आणि एका जागी गुठळी पडून तिथे गवत जळतं. पावसाळ्यात चिकटद्रव्य टाकाच. सकाळी दव वाळल्यावर, वारा नसताना, चार-पाच तास तरी उघडीप राहील असं बघून. पावसाचा अंदाज बघायचा आणि आकाशही बघायचं, बावधनला चांदणी चौकाकडून ढग आला की पंप उतरवून ठेवायचा.

हातमोजे, मास्क, फुल बाह्या. पोरं आणि लॅब्रॅडॉर पूर्ण वाळेपर्यंत आत, मी तर दुसऱ्या दिवशीपर्यंत सोडू नका म्हणतो, कुत्रं गवत चावतं आणि पंजे चाटतं. बागेत माशांचं किंवा कमळाचं टाकं असेल तर ते झाका, अॅझोक्सीस्ट्रोबिन आणि मॅन्कोझेब माशांना विषारी आहेत. आणि एक गोष्ट कोणीच सांगत नाही, आता गणपती येतायत. सिलेक्शन वन म्हणजे हरळीच, त्यामुळे आजूबाजूच्या काकू सकाळी तुमच्या लॉनमधून दूर्वा खुडून नेणार. या सीझनला फवारणी झालेल्या लॉनमधल्या दूर्वा कोणाला देऊ नका, त्या देवापुढे ठेवल्या जातात, प्रसादाला लागतात, कोणी दूर्वांचा रस काढून पितं. कापलेलं गवतही गोठ्यावर द्यायचं नाही.

युरियाकडे वळतो. ५ किलो म्हणजे तुम्ही काय केलंत ते बघा. युरियात ४६ टक्के नत्र. १२०० स्क्वेअर फुटाला एका वेळी एक ते सव्वा किलो म्हणजे फुल डोस झाला, तोही वाढीच्या दिवसात. तुमच्याकडे चौपट पडलंय. गवत आठवडाभर एकदम गर्द हिरवं झालं असेल, माळी खूश, तुम्ही खूश, पण ती पाती लुसलुशीत, पातळ सालीची, पाण्याने फुगलेली असतात आणि रायझोक्टोनिया-पिथियमला असंच मऊ खाद्य पाहिजे असतं. आता सप्टेंबरपर्यंत नत्र बंद. त्याऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश, हजार स्क्वेअर फुटाला एक किलो, एकदाच, ऊन बघून टाका आणि वरून पाणी द्या. ऑक्टोबरमध्ये पाऊस गेल्यावर मात्र थोडं नत्र द्यायचं, अर्धा किलो युरियापासून, कारण तेव्हा उपाशी ठेवलं तर डॉलर स्पॉट हजर. माळ्याला मुठीने टाकू देऊ नका, वजन करून बारीक वाळूत मिसळून द्या, म्हणजे सारखं पसरतं.

कटिंगचं थोडक्यात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. पावसाळ्यात माळी तीन आठवडे येत नाही आणि मग एकदम खरवडून काढतो, गवत पिवळं पडतं, त्या धक्क्यात बुरशीचं फावतं. सिलेक्शन वन पावसाळ्यात दीड इंच ठेवा, सावलीत दोन. ब्लेड धारदार पाहिजे. कापल्यानंतर पातीचं टोक जवळून बघा, सरळ तुटलंय का चिरफाळून पांढरं तंतू तंतू झालंय. तंतू झाले असतील तर ब्लेड बोथट आहे आणि प्रत्येक पातीवर उघडी जखम आहे. नायलॉनच्या दोरीचा ग्रास कटर तर लॉनवर फिरवूच नका, तो रस्त्याकडेच्या गवतासाठी. ओलं असताना कटिंग नको. आणि तुमचा माळी दहा बंगल्यांत तेच मशीन फिरवतो, त्याला सांगा आल्यावर आधी पाते आणि खालचं झाकण पाण्याने धुवायचं, स्पिरिटने पुसायचं. रोग असेपर्यंत कापलेलं गवत उचलून बाहेर, एरवी लॉनवरच राहिलं तरी चालतं.

बाजूच्या मेक्सिकनच्या पट्ट्यात औषधापेक्षा जमिनीचा प्रश्न मोठा आहे. मेक्सिकन खालून गादीसारखं फुगत जातं, वर हिरवं, आत वाळका थर. बोट खुपसून बघा, हा थर अर्ध्या इंचापेक्षा जास्त असेल तर पाणी त्यातच अडकतं, मातीत जात नाही, बुरशीचं घर तिथेच. आता भर पावसात तो ओरबाडू नका, फक्त गार्डन फोर्कने चार-सहा इंचांवर, चार इंच खोल भोकं पाडत जा, फोर्क घालून थोडा मागेपुढे हलवायचा म्हणजे हवा जाते. थर काढायचं काम मार्च-एप्रिलमध्ये, गवत जोरात वाढत असताना, तेव्हा ते भरून येतं. पुण्यात लॉनवाले काय करतात, खाली काळी माती आणि राडारोडा तसाच, वर चार इंच लाल माती, त्यावर लॉनच्या शीट्स. काळी माती भिजली की फुगून घट्ट होते, पाणी खाली जायचं थांबतं आणि लाल माती वाटीतल्यासारखी भरून राहते. त्या पट्ट्यात पाऊस थांबल्यावर दोन तासांनीही पायाखाली पचपच वाजत असेल तर कंपाउंडच्या कडेने फूटभर खोल चर, त्यात भोकांचा पीव्हीसी पाइप, भोवती खडी, आणि तो पाइप गटाराला जोडून द्या. एका दिवसाचं काम आहे, आणि नवीन लॉन टाकण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. वर पसरायला धुतलेली क्रश सँड वापरा, न धुतलेलीत दगडाची पावडर असते ती सिमेंटसारखी बसते. कोकोपीट पावसाळ्यात नको, पाणी धरून ठेवतं.

सावली हा एक विषय राहिला. हरळीला पाच-सहा तास तरी थेट ऊन लागतं. आंब्याखाली ती येणार नाही, कितीही औषध मारा. मे महिन्यात खालच्या फांद्या छाटून ऊन आणि वारा येऊ द्या, नाहीतर तिथे लॉनचा हट्ट सोडून दुसरं काहीतरी लावा.

घरगुती उपायांचं विचारलंय. आंबट ताक मारून काही बिघडत नाही, पण चालू असलेला रायझोक्टोनिया त्याने थांबलेला मी बघितलेला नाही, वास मात्र येतो आणि कुत्रं लोळायला जातं. खायचा सोडा नको, त्यातलं सोडियम आपल्या काळ्या मातीत साठून ती आणखी घट्ट होते. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी, चांगलं आहे, पण ते आधी द्यायचं असतं, घर पेटल्यावर नाही. मेच्या शेवटी, चांगलं कुजलेलं, चाळलेलं शेणखत १०० किलो, त्यात १ किलो ट्रायकोडर्मा, हलकं पाणी शिंपडून सावलीत गोणपाटाखाली आठ-दहा दिवस, मध्ये एकदा खालीवर करायचं, मग पहिल्या पावसाआधी लॉनवर पातळ पसरायचं, पाती वर दिसत राहिली पाहिजेत. त्याच्या मागेपुढे पंधरा दिवस रासायनिक बुरशीनाशक नको, ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे, तीच मरेल.

पाऊस गेल्यावर पाण्याचं असं ठेवा. पहाटे ५ ते ७, रोज थोडं थोडं शिंपडायचं नाही, दोन-तीन दिवसांआड भरपूर. उन्हाळ्यात आठवड्याला साधारण एक इंच पाणी लागतं, हजार स्क्वेअर फुटाला ते सुमारे २३०० लिटर होतं. मोजायला सपाट बुडाचे चार-पाच डबे लॉनवर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून स्प्रिंकलर चालवा, किती मिनिटांत एक सेंटिमीटर भरतंय ते बघा, आणि सगळ्या डब्यांत सारखं भरतंय का तेही. एका कोपऱ्यात दुप्पट भरत असेल तर तिथेच पुढचा पॅच पडणार. कॉर्पोरेशनचं पाणी संध्याकाळीच येत असेल तर टाकीत साठवून पहाटे सोडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दव पडायला लागलं की सकाळी पाण्याचा पाइप दोन जणांनी दोन टोकं धरून लॉनवरून ओढत न्यायचा, दव खाली पडतं आणि पात दोन तास आधी वाळतं. पातीच्या टोकावरचे ते थेंब सगळे दवाचेच नसतात, गवत स्वतः रात्री आतला रस बाहेर टाकतं, त्यात साखर असते, बुरशीला आयतं जेवण.

उरले आता मेलेले पॅच. रोगाची कड पुढे सरकायची थांबली का ते बघायला पॅचच्या काठावर चार काड्या खोचून ठेवा, आठवड्याने कड काड्यांच्या बाहेर गेली नसेल तर थांबलाय. मेलेलं पात परत हिरवं होत नाही, त्यामुळे औषध लागू पडलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. सिलेक्शन वनच्या धावत्या काड्या जिवंत असतील तर तीन-चार आठवड्यांत आपोआप भरून येईल, तळहातापेक्षा मोठी जागा रिकामी राहिली तर सप्टेंबरच्या शेवटी तिथलं वाळकं खरवडून, दोन इंच माती बदलून, आपल्याच लॉनच्या निरोगी कोपऱ्यातले चार-चार इंचांचे चौकोन कापून लावा, विकतच्या शीटबरोबर नवीन तण आणि नवीन माती येते. मेक्सिकनच्या पट्ट्यात मात्र चर खणून झाल्याशिवाय काहीही लावू नका. लावलेल्या चौकोनांवर पायाने दाबून घ्या, पहिले दहा-बारा दिवस सकाळी हलकं पाणी, आणि तीन आठवडे तरी त्यावर मशीन फिरवू देऊ नका, माळ्याला तिथे दोरी बांधून दाखवा, नुसतं सांगून त्याच्या लक्षात राहत नाही.